‘आई, तुझी वही चुकीची आहे’

पत्राचा सारांश: पत्र लिहिणाऱ्या ताई ३६ वर्षांच्या आहेत, तालुक्याच्या गावी राहतात. शिक्षण सगळं मराठी माध्यमातून, मराठी विषय घेऊन बी.ए. मुलगी इंग्रजी माध्यमाच्या शाळेत सहावीला आहे आणि पहिलीपासून तिचा अभ्यास त्याच घेतात. या वर्षी इंग्रजी व्याकरणात ‘पार्ट्स ऑफ स्पीच’, म्हणजे शब्दांच्या जाती आल्या. ताईंनी रात्री जागून एक दोनशे पानी वही तयार केली. त्यात आठ जातींचे आठ रकाने, प्रत्येक रकान्यात इंग्रजी शब्द आणि त्यांचे मराठी अर्थ. मुलीने ती वही पाठ केली आणि चाचणीत तिला दहापैकी चार मिळाले. घरी येऊन ती म्हणाली, ‘आई, तुझी वही चुकीची आहे.’ तेव्हापासून ती आईला इंग्रजीच्या पुस्तकाला हात लावू देत नाही. चुकलेली सहा वाक्यं ताईंनी पत्रासोबत पाठवली आहेत. शेजारच्या ट्यूशनच्या बाई म्हणतात, जाती आठ नाहीत, नऊ आहेत. घरचे म्हणतात, ट्यूशन लावून टाक. ताई विचारतात: ‘मला इंग्रजी येत नसताना मी शिकवत राहिले, यात मुलीचं नुकसान तर केलं नाही ना? आता थांबू का? आणि शब्दाची जात ओळखायची तरी कशी?’

प्रिय ताई,

तुमचा तिसरा प्रश्न मी आधी घेते. त्याचं उत्तर मिळालं की पहिले दोन निम्मे सुटतील. पण त्याआधी एक विनंती: ती वही रद्दीत घालू नका. तिचा उपयोग आहे, तो पुढे सांगते.

तुम्ही पाठवलेली सहा वाक्यं मी दोन-तीनदा वाचली. मुलीने लिहिलेली उत्तरंही पाहिली. तिने अंदाजाने ठोकून दिलेलं एकही उत्तर त्यात नाही. सहाच्या सहा ठिकाणी तिने विचार केलाय आणि वहीत किंवा वर्गात जसं सांगितलं तसंच लिहिलंय. म्हणजे पोरीचं पाठांतर पक्कं आहे, तुमची मेहनतही खरी आहे. गडबड आहे ती वहीमागच्या एका समजुतीत. ती समजूत तुमच्या एकटीची नाही. माझ्याकडे भरतीच्या परीक्षा देणाऱ्या मुलामुलींची पत्रं येतात, त्यांच्याही वह्यांत हेच आठ रकाने असतात.

समजूत अशी, की प्रत्येक शब्दाची एक जात असते आणि ती कायमची ठरलेली असते. ‘हार्ड’ म्हणजे कठीण, म्हणून विशेषण. ‘वॉटर’ म्हणजे पाणी, म्हणून नाम. एकदा रकान्यात टाकलं की काम झालं.

मला वाटतं, यात आपल्या मराठी नावाचाही दोष आहे. आपण म्हणतो ‘शब्दांच्या जाती’. जात म्हटलं की आपल्या डोक्यात जन्माने चिकटलेली, काही केलं तरी न बदलणारी गोष्ट येते. इंग्रजी नावात तसं काही नाही. ‘पार्ट्स ऑफ स्पीच’ हे लॅटिनवरून आलेलं नाव, आणि तिथं त्याचा रोख ‘बोलण्याचे, वाक्याचे भाग’ असा आहे. वाक्यातला कोणता भाग हा शब्द सांभाळतोय, एवढंच ते विचारतं. लग्नघरात एकच काकू सकाळी वाढायला उभी असते, दुपारी रुखवत मांडते आणि संध्याकाळी पाठवणीला डोळे पुसत असते. ती कोण, हे विचारलं तर उत्तर एकच येईल. पण ती आत्ता काय करतेय, हे विचारलं तर वेळ बघूनच सांगावं लागेल. शब्दाची जात हा असा, ‘आत्ता काय करतोय’ या जातीचा प्रश्न आहे.

आणि हे तुम्हाला येतं. इंग्रजीत येत नसेल, मराठीत नक्की येतं. ‘शहाण्याला शब्दाचा मार’ ही म्हण घ्या. शहाणा हे एरवी विशेषण: शहाणा मुलगा, शहाणी मुलगी. इथं मात्र त्याला ‘ला’ लागलाय आणि तो नाम होऊन बसलाय. ‘मार’ हा एरवी ‘त्याला मार’ असा हुकूम, म्हणजे क्रियापद. इथं तोही नाम. तीन शब्दांची म्हण, त्यातल्या दोघांनी कामं बदलली, आणि आपण लहानपणापासून ती म्हण न अडखळता वापरतोय. ‘गोड आंबा’मध्ये गोड विशेषण आहे आणि ‘ती गोड गाते’मध्ये क्रियाविशेषण. ‘वर बघ’ मधला वर वेगळा, ‘माळ्यावर’ मधला वेगळा आणि मांडवातला वर तर अगदीच वेगळा. हे ओळखायला तुम्ही कधी वही केली नाहीत. तुम्ही वाक्य ऐकलंत.

इंग्रजीत हे मराठीपेक्षा कितीतरी जास्त होतं, आणि त्याला कारण आहे. हजारेक वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत शब्दांना शेपट्या असत, जशा आपल्याकडे प्रत्यय असतात. प्रेम या नामाला ‘लुवु’ आणि प्रेम करणे या क्रियापदाला ‘लुवियन’ असे दोन वेगळे शब्द होते. पुढे त्या शेपट्या झिजत गेल्या आणि दोन्हीचं ‘लव्ह’ झालं. आपल्याकडे पाण्याला, पाण्यात, पाणी पाजलं असं रूप किंवा सोबतचा शब्द काहीतरी खूण देतो. इंग्रजीत शब्द कोराच राहतो आणि खूण असते ती त्याच्या जागेत. म्हणून इंग्रजी शब्दाला एकट्याला उचलून ‘तुझी जात कोणती’ विचारलं, तर पुष्कळदा उत्तरच नसतं. ‘राउंड’ हा शब्द पाहा. ‘अ राउंड टेबल’मध्ये विशेषण. ‘द सेकंड राउंड’मध्ये नाम. ‘द कार राउंडेड द कॉर्नर’मध्ये क्रियापद. ‘शी टर्न्ड राउंड’मध्ये क्रियाविशेषण. ‘वी सॅट राउंड द फायर’मध्ये प्रेपोझिशन. तुमच्या वहीत तो कोणत्या रकान्यात टाकायचा, सांगा बरं.

आता तुमची सहा वाक्यं. पहिलं वाक्य ‘वी वॉटर द प्लांट्स एव्हरी डे’, आणि मुलीने वॉटरला नाम म्हटलं.

मी सांगली जिल्ह्यातल्या एका हायस्कुलात नवीन लागले होते तेव्हाची गोष्ट. फळ्यावर लिहिलं होतं, ‘माय फादर वॉटर्स द शुगरकेन.’ वॉटर्सखाली रेघ मारली आणि विचारलं. सगळा वर्ग एका सुरात, ‘नाम!’ मागच्या बाकावरचा एक मुलगा तेवढा गप्प होता. तो पहाटे उसाला पाणी द्यायला शेतात जायचा आणि वर्गात पेंगायचा. त्याला उठवून विचारलं तर फळ्याकडे बघत म्हणाला, ‘बाई, हितं पाणी न्हाई. दारं धरनं हाय.’ दारं धरणं म्हणजे पिकाला पाणी देणं. वर्ग हसला. मी हसले नाही, कारण त्या दिवशी माझ्या वर्गात ते वाक्य खरं वाचणारा तो एकटाच होता. त्याने शब्द पाहिला नव्हता. बाप काय करतोय, ते पाहिलं होतं. त्यानंतर मी शिकवायची पद्धतच बदलली. आधी वाक्य मराठीत सांगा, पुस्तकी भाषांतर नको, घरी बोलता तसं, आणि मग जात विचारा. तुमच्या मुलीलाही आधी हेच विचारा: ‘वी वॉटर द प्लांट्स’ म्हणजे आपण काय करतो? ती म्हणेल, झाडांना पाणी घालतो. मग ‘घालतो’ कुठून आलं? वॉटरमधूनच आलं. म्हणजे ते क्रियापद.

एवढ्याने भागलं नाही तर क्रियापदासाठी एक साधी परीक्षा आहे. वाक्याच्या सुरुवातीला ‘यस्टर्डे’ टाका, म्हणजे काल. जो शब्द रूप बदलेल तो क्रियापद. ‘यस्टर्डे वी वॉटर्ड द प्लांट्स.’ सापडला. कट, पुट, हिट असे काही शब्द कालही बदलत नाहीत, तेव्हा ‘ही’ किंवा ‘शी’ लावून बघा: ‘ही कट्स’. शेवटी ‘स’ आला की पकडला. क्रियापद आधी शोधण्याची सवय लावा, कारण वाक्याचा खांब तो आहे. तो सापडला की बाकीचे कुठे बांधलेत ते दिसायला लागतं.

दुसरं वाक्य ‘शी वर्क्स हार्ड’, आणि मुलीने हार्डला वहीप्रमाणे विशेषण म्हटलं. इथं मुलीला पेन्सिल द्या आणि बाण काढायला सांगा. हार्ड हा शब्द कोणाबद्दल काही सांगतोय? ती मुलगी कठीण आहे, असं सांगतोय का? नाही. ती काम कसं करते ते सांगतोय. तर बाण हार्डपासून निघून ‘वर्क्स’वर जाईल. क्रियापदावर बाण गेला की क्रियाविशेषण, म्हणजे ॲडव्हर्ब. आता त्याच्याखाली दुसरं वाक्य लिहा: ‘धिस इज अ हार्ड सम.’ बाण जाईल ‘सम’वर, म्हणजे गणितावर. नामावर बाण गेला की विशेषण. ‘हार्ड’ तोच, बाण वेगळा.

या बाणावर माझा फार विश्वास आहे. मराठी माध्यमातून आलेल्यांना ‘कसा?’ हा प्रश्न विचारायची सवय असते, आणि तो प्रश्न फसवतो. आंबा कसा आहे? गोड. ती कशी गाते? गोड. दोन्ही ठिकाणी आपण ‘कसा-कशी’च विचारतो, म्हणून विशेषण आणि क्रियाविशेषण यांत गल्लत होते. बाण गल्लत करू देत नाही. ‘द मँगो टेस्ट्स स्वीट’ हे वाक्य द्या तिला. स्वीट क्रियापदाच्या शेजारी बसलाय, म्हणून पुष्कळ मुलं ॲडव्हर्ब लिहितात. पण गोड कोण आहे? आंबा. बाण क्रियापदावरून उडी मारून आंब्यावर जातो, म्हणून ते विशेषण. आणि हार्डचं चाललंच आहे तर जाता जाता ‘हार्डली’ही दाखवून ठेवा. ‘शी हार्डली वर्क्स’ म्हणजे ती कामाला जवळजवळ हातच लावत नाही. एका शेपटीने अर्थ कुठल्या कुठे गेला.

तिसरं वाक्य ‘ही केम बिफोर द बेल रँग’. मुलीने लिहिलं प्रेपोझिशन. हे सहापैकी सगळ्यात अवघड आहे आणि खरं सांगायचं तर सहावीच्या मुलीने इथं चुकणं साहजिक आहे. आपल्याला शिकवतात, प्रेपोझिशन म्हणजे शब्दयोगी अव्यय. ते ढोबळमानाने खरं आहे, पण दोन्ही भाषांची रीत उलटी आहे. आपला शब्दयोगी मागून येऊन चिकटतो: टेबलाखाली, घरामागे. त्यांचा पुढे, सुटा उभा राहतो: ‘अंडर द टेबल’. शिवाय ‘घरात’ म्हणताना आपण नुसता विभक्तीचा प्रत्यय लावतो, शब्दयोगी वापरतच नाही, आणि इंग्रजीत तिथं ‘इन’ हा पूर्ण शब्द लागतो. म्हणून मराठी नावावर फार टेकून चालत नाही. इथं नजर टाकायची ती त्या शब्दाच्या पुढे काय आहे यावर.

‘बिफोर लंच’: पुढे नुसतं नाम आहे, जेवण. तर बिफोर प्रेपोझिशन. ‘बिफोर द बेल रँग’: पुढे घंटाही आहे आणि ती वाजलीसुद्धा, म्हणजे कर्ता आणि क्रियापद घेऊन एक पूर्ण छोटं वाक्य आहे. दोन वाक्यं जोडणारा तो कंजंक्शन, आपला उभयान्वयी. ‘आय हॅव सीन हिम बिफोर’: पुढे काहीच नाही, शब्द एकटाच बसलाय आणि ‘पूर्वी पाहिलंय’ असं पाहण्याबद्दल सांगतोय. तो ॲडव्हर्ब. पुढे नाम, पुढे वाक्य, पुढे काहीच नाही, या तीन जागा तिला पेन्सिलने झाकून झाकून दाखवा. आफ्टर आणि सिन्स हे शब्दही असेच तिन्हीकडे फिरतात. एकदा बिफोर कळला की तेही हाताशी येतात.

पुढची दोन झटपट. ‘स्विमिंग इज गुड फॉर हेल्थ’मध्ये तिने स्विमिंगला क्रियापद म्हटलं, कारण पोहणे ही क्रिया. पण चांगलं काय आहे? पोहणं. पोहण्याने इथं कर्त्याची खुर्ची घेतलीय, तर ते नाम. तुम्ही बी.ए.ला धातुसाधित नाम शिकलात ना, तेच हे. ‘वाहतं पाणी’ हे जसं आपलं धातुसाधित विशेषण, तसं त्यांचं ‘रनिंग वॉटर’. हा भाग तुम्ही शाळेतल्या बाईंपेक्षाही चांगला सांगाल. आणि ‘अ फ्रेंडली गर्ल’: शेवटी ‘ली’ दिसलं म्हणून ॲडव्हर्ब लिहिलं. शेपटी उपयोगी असते, पण तिच्यावर डोळे मिटून भिस्त ठेवू नये. फ्रेंडली, लव्हली, लोनली ही सगळी विशेषणं. बाण काढला असता तर तो ‘गर्ल’वर गेला असता.

सहावं ‘माय बॅग इज ब्लू’. मुलीने माय हे सर्वनाम म्हटलं, शाळेने ॲडजेक्टिव्ह. इथं तुमची मुलगी पूर्ण चूक आहे असं मी म्हणणार नाही. ‘माय’ सर्वनामापासूनच आलाय आणि बॅगेबद्दल सांगतोय, म्हणून जुन्या पद्धतीची पुस्तकं त्याला विशेषणात धरतात. मराठीत आपणही ‘माझी पिशवी’मधल्या ‘माझी’ला सार्वनामिक विशेषण म्हणतो. नव्या पद्धतीची पुस्तकं माय, धिस, सम, द या सगळ्यांचा ‘डिटर्मिनर’ नावाचा वेगळा गट करतात. शेजारच्या बाईंची नववी जात बहुधा हीच असावी.

म्हणजे आठ खरं की नऊ? दोन्ही चालतं, कारण ही मोजणी माणसांनी केली आहे. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात डायोनिसियस थ्रॅक्सच्या नावावरच्या ग्रीक व्याकरणात आठ भाग धरले, त्यात आर्टिकल, म्हणजे इंग्रजीतल्या ‘द’सारखा शब्द, होतं. लॅटिनमध्ये आर्टिकलच नाही, तर रोमन पंडितांनी ते काढलं, केवलप्रयोगी घातलं आणि आकडा आठचा आठच ठेवला. आपल्याकडे संस्कृतात ‘निरुक्त’ लिहिणाऱ्या यास्काने चार मानले: नाम, आख्यात (म्हणजे क्रियापद), उपसर्ग, निपात (म्हणजे अव्यय). पाणिनीने तर पदांचे दोनच प्रकार केले, सुबन्त (नामासारखी रूपं) आणि तिङन्त (क्रियापदाची रूपं), आणि तेवढ्यावर अख्खं संस्कृत उभं केलं. मराठीतल्या आठ जाती इंग्रजी व्याकरणाच्या धर्तीवर आल्या. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचं मराठी व्याकरण १८३६ साली निघालं आणि पुढे शाळाशाळांतून हीच मांडणी रुळली. मुलीला एवढंच सांगा: परीक्षेत तुझ्या पुस्तकात जे आहे ते लिही, आणि दुसरं पुस्तक वेगळं म्हणालं तर घाबरू नको. मोठ्या माणसांत यावर मतभेद आहेत, हे अकरा-बारा वर्षांच्या मुलीला कळायला काहीच हरकत नाही.

आता तुमचा पहिला प्रश्न, नुकसानीचा. ताई, तुमचं वाक्य आहे, ‘मला इंग्रजी येत नसताना मी शिकवत राहिले.’ मुलीची ही सहा उत्तरं चुकली ती तुम्हाला इंग्रजी येत नाही म्हणून नव्हे. फाडफाड इंग्रजी बोलणाऱ्या आईनेही आठ रकाने करून दिले असते तर निकाल हाच लागला असता. उलट ज्याला भाषा सहज येते त्याला पुष्कळदा ती सुटी करून दाखवता येत नाही. तुम्हाला व्याकरण शिकण्याची सवय आहे, एक भाषा तुम्ही आतून जाणता आणि दुसरीकडे बाहेरून बघता. या कामाला ही जागा चांगली आहे.

पण तुम्ही एका गोष्टीत बदल करावा असं मला मनापासून वाटतं. आतापर्यंत उत्तर तुमच्याकडे होतं आणि मुलगी ते घेत होती. सहावीत मुलांना आईचं उत्तर चुकलेलं दिसलं की फार लागतं. तिचा राग मार्कांपेक्षा त्याचा असावा. वर्गात मैत्रिणींसमोर पेपर हातात आला, आणि चूक आईची निघाली. तेव्हा तिच्याकडे जाऊन सरळ सांगा, ‘तुझं बरोबर होतं, वही चुकीच्या पद्धतीने केली होती. एका शब्दाला एकच रकाना, हे माझं चुकलं.’ याने आईची किंमत कमी होत नाही. मग तिलाच म्हणा, हार्डची दोन वाक्यं तू मला समजावून सांग. तिला शिकवू द्या. तुम्ही फक्त विचारत राहा: बाण कुठे जातो? काल म्हटलं तर काय बदलतं? पुढे काय आहे? हे तीन प्रश्न विचारायला इंग्रजी बोलता यावं लागत नाही.

ती वहीही अशीच कामाला लावा. रकाने खोडून टाका आणि शब्द तसेच राहू द्या. प्रत्येक शब्दापुढे तिने वाक्य लिहायचं, आणि जात त्या वाक्यापुढे लिहायची. एखाद्या शब्दाचं दुसऱ्या जातीतलं वाक्य सापडलं की त्याच्याखाली ते. घरात जाडजूड इंग्रजी शब्दकोश असेल तर ‘बॅक’ हा शब्द उघडून दोघी बसा. शब्दापुढे बारीक अक्षरांत जाती दिलेल्या असतात, नाम, क्रियापद, विशेषण, क्रियाविशेषण, सगळ्या त्या एकाच शब्दाखाली. ते पान पाहिल्यावर मुलीचा चेहरा बघा. मी हे वर्गात दरवर्षी करायचे, आणि ‘म्हणजे आपलं चुकत नव्हतं, शब्दच असा आहे’ हे मुलांना त्या क्षणी कळायचं.

वाक्य मोठ्याने वाचायलाही लावा. काही शब्द लिहिताना सारखे दिसतात, पण कानाला वेगळे लागतात. ‘यूस’ म्हटलं तर नाम, ‘यूझ’ म्हटलं तर क्रियापद. इंग्रजी स्पेलिंग दोन्हीचं एकच. ‘रेकॉर्ड’ म्हणताना ‘रे’वर जोर आला की नाम, ‘कॉर्ड’वर गेला की क्रियापद. आपली देवनागरी लिपी इथं मदतीला येते. उच्चार तिच्यात लिहून ठेवला की फरक डोळ्यांनाही दिसतो.

भरतीच्या परीक्षांची तयारी करणाऱ्या वाचकांनाही हेच सांगते. २०२३च्या तलाठी भरतीत इंग्रजीचे २५ प्रश्न, ५० गुण होते. अशा पेपरात रेघ मारायला मुद्दाम दुहेरी वागणारा शब्द निवडतात, कारण याद्या पाठ करणारा तिथं सापडतो. यादीपेक्षा जुन्या प्रश्नपत्रिकांमधली वाक्यं घ्या आणि प्रत्येकात बाण काढा.

राहिला ट्यूशनचा विषय. ट्यूशन लावण्यात कमीपणा नाही. घरात रोज वाद होत असतील, तुम्हाला वेळ पुरत नसेल, तर खुशाल लावा. पण पैसे भरण्याआधी बाईंना एक विचारा: ‘एकच शब्द दोन वाक्यांत दोन जातींचा कसा होतो, हे मुलीला कसं दाखवता?’ त्यांनी फळ्यावर दोन वाक्यं लिहिली तर मुलगी चांगल्या हाती आहे. त्यांनी छापील यादी काढून पाठ करायला दिली, तर तुमचीच वही त्या फी घेऊन विकतायत. आणि ट्यूशन लावली तरी रात्रीची पंधरा मिनिटं सोडू नका. तेवढ्यात तीन वाक्यं होतात.

सुरुवात ‘हार्ड’पासूनच करा. वहीच्या नव्या पानावर तिच्या अक्षरात दोन वाक्यं, दोन बाण आणि आजची तारीख. पुढच्या चाचणीचा पेपर मिळाला की चुकलेली वाक्यं मला पुन्हा पाठवा. या वेळी पत्र मुलीला लिहू द्या.